दारोदार थांबणारी घोडी

लीझेनं पुढचा उजवा पाय अधांतरी धरला होता आणि काही केल्या ती तो जमिनीला टेकवीना.

"सुजलाय, साहेब," मोतद्दार यान म्हणाला. "चार-आठ दिवस तरी हिच्या पाठीवर खोगीर चढायचं नाही."

जनरलसाहेब पागेच्या दारात उभे होते. छातीवर पदकांची दाटी, मिशा मेण लावून टोकदार केलेल्या आणि चेहरा मात्र सासरी निघालेल्या पोरीसारखा.

"पण युद्धाचा सराव उद्याच आहे."

"ते मला कळतंय, साहेब. हिला कळत नाही."

"व्हिनेगरची पट्टी बांधून बघ."

"बांधलीय."

"मग दुसरी बांध!"

मी शेजारी उभा राहून हसू दाबत होतो. मी त्यांचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे साहेबांचे हुकूम पोचवणारा, निरोप आणणारा आणि साहेबांनी विनोद केला की सगळ्यांच्या आधी हसणारा अधिकारी. माझं वय लहान होतं, मिशी त्याहून लहान आणि स्वतःच्या अकलेबद्दलची समजूत मात्र चांगली थोरली. पागेत तरण्याताठ्या घोड्यांची रांग लागलेली असताना एका म्हाताऱ्या घोडीच्या पायासाठी एवढं सुतक कशाला, हे मला कळेना.

कारण हे साहेब म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. जनरल एवाल्ड फॉन ग्रोमेनाऊ, ट्राउबेनेकचा वीर! वीस वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढाईत ट्राउबेनेक नावाच्या खेड्यापाशी सगळे सेनाधिकारी नकाशात डोकं घालून बसले होते. तेव्हा कुणाच्याही हुकमाची वाट न बघता हा गडी आपली रेजिमेंट घेऊन थेट शत्रूच्या तोफांवर तुटून पडला. तोफा हाती लागल्या आणि लढाई फिरली. निम्मी माणसं परत आली नाहीत, पण शाळेच्या पुस्तकात ते बारीक अक्षरात छापलेलं असे. साहेबांचं चित्र तंबाखूच्या डब्यांवर होतं, बशांवर होतं. माझ्या आईच्या फडताळात मोहरीच्या बरणीवरही ते उधळत्या घोड्यावर बसलेले होते आणि त्यांच्याकडे बघत बघतच मी लहानाचा मोठा झालो.

असा हा वीर बसायचा मात्र लीझेवर. पोट सुटलेली, खालचा ओठ लोंबणारी, डोळे अर्धे मिटलेले. क्लाइनवाल्डे या आमच्या छावणीच्या गावात साहेब तिच्यावरून मोठ्या रस्त्यानं निघाले, की ती प्रत्येक घराच्या दारात थांबायची. साहेब टोपीला हात लावायचे, दारातल्या बाईला "काय, बरं आहे ना?" विचारायचे, आणि मग लीझे पुढच्या दाराकडे वळायची. गाव त्यांच्यावर लट्टू होता. "एवढा मोठा माणूस, पण बघा, एक दार चुकवत नाही!" असं बायका पाण्याच्या पंपावर बोलायच्या. चर्चमध्ये पाद्र्यानं त्यावर एक अख्खं प्रवचन झोडलं होतं.

आता सरावाचं सांगतो. दर वर्षी पीक निघालं, शेतं मोकळी झाली, की आमचं सैन्य लुटुपुटूची लढाई खेळे. दोन बाजू करायच्या, फुसके बार काढायचे आणि दंडाला पांढरी फीत बांधलेल्या पंचांनी कोण मेलं, कोण जगलं ते ठरवायचं. त्या वर्षी एका बाजूचं नेतृत्व राजघराण्यातल्या एका राजकुमाराकडे होतं. नाव सांगत नाही, अशा राजकुमारांची आमच्याकडे त्या काळी टंचाई नव्हती. राजकुमार ज्या बाजूला ती बाजू जिंकणार, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कुठं लिहून ठेवतात?

दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. त्यांनी करायचं ते अगदी सोपं होतं. दोन रेजिमेंटा घेऊन रानातून बाहेर यायचं, उतारानं ओढ्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. समोरच्या टेकडीवरून राजकुमाराच्या तोफा धडधडतील, पंच आम्हाला मेलेले ठरवतील आणि सगळे जेवायला जातील. एवढं नीट पार पडलं की साहेब बर्लिनला घोडदळाचे मुख्य निरीक्षक होणार, असा दरबारातून शब्द आला होता. साहेबांच्या पत्नी हेड्विगबाईसाहेबांनी तिथल्या घराचे पडदेसुद्धा बेतून ठेवले होते.

"साहेब, त्या जागेवर काम काय असतं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"खुर्ची असते," साहेब डोळे मिटून म्हणाले. "मोठी, चार पायांची. आणि जागची हलत नाही."

मी कर्तव्य म्हणून मोठ्यानं हसलो. साहेबांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

तर लीझे लंगडी झाल्याची बातमी दुपारच्या आत राजकुमाराच्या मुक्कामी पोचली. लष्करात तोफगोळ्यापेक्षा बातमी लवकर पोचते. जेवणं होतात न होतात तोच स्वारी आमच्या अंगणात हजर झाली. मागे एक काळाकुळकुळीत घोडा, आणि त्याच्या लगामाला दोन्ही बाजूंनी लोंबकळणारे दोन मोतद्दार.

"ग्रोमेनाऊ, तुमची घोडी लंगडतेय म्हणे," राजकुमार म्हणाला. "बरं झालं! ट्राउबेनेकच्या वीरानं त्या पिंपावर बसून यावं आणि परदेशी पाहुण्यांनी ते बघावं? आमची मान खाली जाते. हा घ्या सुलतान. माझा स्वतःचा घोडा!"

"महाराज, एवढा मान... माझी लायकी नाही."

"पुरे ती नम्रता! वारा आहे हा, वारा. फक्त एक सांगून ठेवतो, माझ्यावर भारी जीव याचा. रोज न्याहारीला माझ्या हातून साखर खातो. कुठंही असो, माझा तंबू दिसला की हा आलाच म्हणून समजा."

सुलताननं त्याच क्षणी मागच्या पायांवर उभं राहून एका मोतद्दाराला शेणात बसवलं. राजकुमार खूश झाला. साहेबांनी वाकून आभार मानले. ते वाकलेले बराच वेळ सरळ होईनात, तेव्हा मला वाटलं, केवढी ही निष्ठा.

मी कॉफीचं सांगायला आत गेलो तर नवराबायकोचं बोलणं चाललेलं.

"अहो, आजारी पडा," बाईसाहेब म्हणत होत्या.

"राजकुमार आपला डॉक्टर पाठवील."

"मग खरं ते सांगून टाका एकदाचं."

"सांगितलं नाही का? त्या वेळी सांगितलं, नंतर सांगितलं. कुणी ऐकलं?"

मला बघताच दोघं गप्प झाली. मग बाईसाहेब पुढे आल्या. बाई मोठी करडी. आमची अख्खी ब्रिगेड शत्रूला भीत नसेल इतकी त्यांना भ्यायची.

"कास्पर, उद्या साहेबांच्या अंगाला अंग लावून राहायचं. आणि जमलं तर त्या घोड्याचा लगाम धरायचा."

"जनरलच्या घोड्याचा लगाम? मी, बाईसाहेब?"

"हो, तूच. लाजायचं काही कारण नाही."

बायकांचा जीव तो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. दोन रेजिमेंटा रानाच्या कडेला उभ्या होत्या. भाल्यांवरची निशाणं फडफडत होती. साहेबांना सुलतानवर चढवायला तिघं लागले. चढल्यावर ते बोलले नाहीत की हलले नाहीत. दोन्ही हातांनी लगाम घट्ट धरून समोरच्या ओढ्याकडे बघत राहिले. जन्मभर पुढे गेल्याबद्दल पदकं मिळवलेल्या माणसाला आज फक्त थांबायचं होतं. त्याचंच दुःख होत असणार, असं माझ्या शहाण्या डोक्याला वाटलं.

इथं आमच्या घोडदळाची एक रीत सांगायला हवी. बिगूलवाल्यानं जनरलच्या खांद्याशी राहायचं आणि जनरलचा घोडा जी चाल धरील तिचा सूर वाजवायचा. घोडा दुडकत चालला तर दुडक्या चालीचा, भरधाव सुटला तर हल्ल्याचा. सूर ऐकला की मागच्यांनी जायचं. कशाला, कुठं, हे विचारायचं नाही. न विचारणं हा आमच्या सैन्याचा पाया होता, आणि त्यावर आम्ही तीन लढाया जिंकल्या होत्या.

आम्ही उतार उतरलो. ओढा जवळ आला. तेवढ्यात वारा फिरला. टेकडीवरून कॉफीचा आणि तळलेल्या सॉसेजचा वास खाली आला आणि झाडांच्या आडून एका मोठ्या पट्ट्यापट्ट्यांच्या तंबूचं टोक दिसलं. सुलतानचे कान ताठ झाले.

ओढा त्यानं एका उडीत पार केला. बिगूलवाला क्षणभर चक्रावला. पण रीत म्हणजे रीत. त्यानं बिगूल तोंडाला लावून हल्ल्याचा सूर असा फुंकला की रानातली पाखरं उडाली. मागून दोन रेजिमेंटांचं "हुर्रा!" उठलं. मीही टाच मारली. ट्राउबेनेकचा वीर पुन्हा निघाला होता आणि मी त्याच्या बाजूला होतो! मोहरीच्या बरणीवरचं चित्र माझ्यापुढे चौखूर धावत होतं.

मी साहेबांना गाठलं तेव्हा ते खोगिरात मागे रेलले होते, पाय पुढे ताणलेले, शिरस्त्राण कानावर आलेलं. तोंड उघडं होतं आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "मागे येऊ नका! अरे, मागे येऊ नका!"

मला वाटलं, हा काही तरी डाव असेल. मी तलवार उपसली.

टेकडीवर राजकुमार घडीच्या टेबलाशी बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. भोवती परदेशी सैन्यांतले पाहुणे, पुढे उकडलेली अंडी, मोहरीची चटणी आणि साखरेचं चांदीचं भांडं. सुलतान तोफांच्या मधून गेला, नोकरांच्या मधून गेला आणि टेबलाशी येऊन आपण होऊन थांबला. साहेब थांबले नाहीत. ते त्याच्या मानेवर सरकले आणि दोन्ही हातांनी मिठी मारून तिथंच राहिले. सुलताननं साखरेच्या भांड्यात तोंड घातलं. मागून दोन रेजिमेंटांनी टेकडीला वेढा घातला.

मुख्य पंच हा एक म्हातारा कर्नल होता. पेन्शन तोंडावर आल्यामुळे त्याला कुणाची भीती उरली नव्हती. त्यानं निशाण वर केलं आणि जाहीर केलं, "सेनापतीसह मुख्य ठाणं कैद. लढाई संपली."

एका परदेशी पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या.

राजकुमार उठला. मिशीला मोहरी लागलेली होती आणि ती पुसायची कुणाची छाती होत नव्हती. "ग्रोमेनाऊ! ह्याचा अर्थ काय?"

साहेब मानेवरून खाली घसरले, पाय जमिनीला लागल्यावर त्यांनी शिरस्त्राण सरळ केलं आणि सलाम ठोकला.

"घोडा आवरला नाही, महाराज."

मग पाहुणे हसायला लागले. ट्राउबेनेकच्या वीराला म्हणे घोडा आवरला नाही! एकानं तर मांडीवर थाप मारली.

"वर आमची थट्टा करता?" राजकुमाराचा आवाज चिरकला.

"थट्टा नाही, महाराज. मला घोडा कधीच आवरत नाही."

आता तर पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राजकुमार लालबुंद झाला आणि तंबूत निघून गेला. संध्याकाळच्या आत निरोप आला, की जनरलसाहेबांची प्रकृती ठीक नसल्याचं ऐकून दरबाराला अतिशय खेद होतो आहे. प्रकृती ठणठणीत होती. आमच्याकडे माणसाला घरी बसवायची ती भाषा.

त्या वेळी आम्ही खालच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. बाईसाहेब गाडी जुंपून आल्या होत्या. निरोप ऐकून मी म्हणालो, "साहेब, असूयेनं केलं त्यांनी हे. तुमचं शौर्य बघवलं नाही! मी मात्र विसरणार नाही. काय तो हल्ला!"

"तू ऐकलंस ना मी काय ओरडत होतो ते?" साहेबांनी विचारलं.

"ऐकलं, साहेब."

"ट्राउबेनेकला पण हेच ओरडत होतो."

मला काही समजेना. साहेब जमिनीकडे बघत बोलत राहिले. "तोफेचा गोळा अगदी जवळ पडला आणि घोडा उधळला. मी ओरडतोय, मागे येऊ नका. टापांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बिगूलवाल्यानं सूर लावला, रेजिमेंट मागे आली. तशी शिकवणच होती त्यांना. मीच शिकवलेली."

"पण साहेब, तोफा तर घेतल्यात."

"घोड्यानं घेतल्या. तोफांच्या पलीकडे गवताची गंजी होती, तिथं जाऊन तो थांबला. मी मागे वळून बघितलं तर पार उतारभर माझी पोरं पडलेली. त्यांतल्या पुष्कळांना मी नावानं ओळखत होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पदक घातलं. मी म्हणालो, घोडा उधळला होता. सगळे हसले. म्हणाले, काय ही नम्रता!"

"मग घोडदळात गेलात तरी कशाला?" मी न राहवून विचारलं.

"ग्रोमेनाऊंच्या घरात मुलगा झाला की त्याला विचारत नाहीत. भिंतीवरच्या तसबिरींत पाच पिढ्या घोड्यांवर बसलेल्या असतात, त्यांच्या शेजारी खिळा ठोकून ठेवतात."

बाईसाहेब म्हणाल्या, "लीझे मी शोधून आणली. दूधवाल्याकडून. दहा वर्षं दुधाची गाडी ओढलेली. दार आलं की थांबायचं, एवढंच तिला ठाऊक."

मोठा रस्ता, दारोदारचे ते सलाम, पाद्र्याचं प्रवचन, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. हसू यायला हवं होतं. पण त्या उतारावर पडलेल्या पोरांपुढे ते येईना. मला साहेबांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींतलं जास्त काय ते आजही सांगता यायचं नाही.

"खुर्ची गेली गं, हेड्विग," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या. घोडा पण गेला ना?"

साहेबांनी जरा विचार केला. "हो की," ते म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच मोकळं हसताना पाहिलं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सरकारवर खार खाऊन असलेल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, म्हाताऱ्या सिंहानं राजकुमाराला धडा शिकवला! तंबाखूच्या डब्यांचा खप दुप्पट झाला. साहेब भेटेल त्याला खरं सांगत. भेटेल तो डोळे पुसून म्हणे, असा निगर्वी माणूस पुन्हा होणे नाही. शेवटी त्यांनी सांगायचं सोडलं. लीझेला छोट्या गाडीला जुंपून ते बाजारात जात, दारोदार थांबत आणि एके दिवशी घरी, पलंगावर, स्वस्थपणे वारले.

मग गावानं वर्गणी काढून पुतळा उभारला. अनावरणाला मी बाईसाहेबांचा हात धरून उभा होतो. पडदा सरकला. काशाचा प्रचंड घोडा मागच्या पायांवर उभा, आणि साहेबांनी त्याला डाव्या हाताच्या दोन बोटांनी लीलया रोखून धरलेलं. खाली चौथऱ्यावर नाव आणि ट्राउबेनेक.

"बघ कास्पर," बाईसाहेब पुटपुटल्या. "जन्मात एक घोडा थांबवला यांनी."

तेवढ्यात लाकडी पायाचा एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. त्यानं पुतळ्याला सलाम केला आणि मग बाईसाहेबांपुढे टोपी काढली.

"बाईसाहेब, मी ट्राउबेनेकला होतो. साहेबांच्या मागे, दुसऱ्या रांगेत. पाय तिथंच राहिला, धाकटा भाऊपण तिथंच राहिला. एक विचारू? साहेब पुढे काहीतरी ओरडत होते. आम्हाला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं मनात आहे, की भावानं शेवटचं काय ऐकायचं राहून गेलं."

मी चटकन म्हणणार होतो, "माझ्या मागे या, असं म्हणत होते." पण बाईसाहेबांनी माझा दंड दाबला. सगळ्या जगात त्या एका माणसाशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"'मागे येऊ नका' म्हणत होते," त्या म्हणाल्या. "'माझ्या मागे येऊ नका.'"

म्हातारा बघतच राहिला. मला वाटलं, आता हा लाकडी पाय काढून पुतळ्याला हाणणार, आणि हाणलाच तर मी अडवणार नव्हतो.

"म्हणजे..." तो म्हणाला, "म्हणजे साहेब एकटेच मरायला निघाले होते! आम्हाला वाचवायला!" आणि तो बाईसाहेबांच्या हातावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

"अहो, तसं नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "घोडा..."

पण तोवर शेजारी उभ्या असलेल्या नगराध्यक्षांनीही रुमाल काढला होता, आणि बँड सुरू झाला होता.

महिन्याभरात चौथऱ्यावर सोनेरी अक्षरं कोरली गेली : 'माझ्या मागे येऊ नका!' आता दर वर्षी पिकं निघाली की नव्यानं भरती झालेल्या पोरांना तिथं नेतात. सार्जंट ती ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि तिचा अर्थ समजावतो. मग बिगूल वाजतो, आणि पोरं पुतळ्याच्या मागून रांगेनं चालू लागतात.